घरात पोरं किती?

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा तो किती इंची आहे, कुठल्या कंपनीचा आहे, काळापांढरा की रंगीत, यातलं काहीच शांतारामभाऊ पिंगळ्यांनी विचारलं नाही. दारात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "घरात पोरं किती?"

"दोन," मी म्हटलं.

"आन् शेजारची येनारी?"

रविवारच्या सिनेमाला चाळीतली आठ-दहा तरी यायची. मी तसं सांगितलं. भाऊंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आत न येता म्हणाले, "आधी वायर काडा भिंतीतनं. नुसतं बटन बंद करू नका. वायर काडा."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खोपोलीत तेव्हा टीव्हीला पुढून काच लावायची टूम निघाली होती. काच आपली म्हणायची. असायचं ते ॲक्रिलिकचं जाड प्लास्टिक. कोणी निळसर लावी, कोणी तीन रंगांची लावून काळ्यापांढऱ्या टीव्हीला रंगीत म्हणवून घेई. डोळ्यांना त्रास होत नाही, असं जो तो सांगत असे. भाऊंचं स्टेशनबाहेर फोटोफ्रेमचं छोटं दुकान होतं. देवाच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो मढवता मढवता ते या कामाला लागले आणि दोन-तीन वर्षांत कर्जतपासून खालापूरपर्यंत मोठा टीव्ही घेतला की लोक भाऊंनाच निरोप धाडू लागले.

माणूस उंच, हाडकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, सारखी पापण्यांची उघडझाप करणारा. त्यांच्या भित्रेपणाबद्दल गावात इतकं बोललं जाई की त्यांचं काम किती सफाईचं आहे हे सांगायचं राहूनच जाई. घाटावर वीज कडाडली की ते दुकानाची फळी लावून घेत. बल्ब बदलायचा तर शेजारच्या पानवाल्याला बोलावत. ज्या गावात पाण्यापासून वीज तयार होते, त्या गावात विजेला एवढा टरकणारा हा एकच इसम असेल, असं माझे यजमान म्हणायचे. मीही हसायचे. हसण्यात मी कधी मागे राहिले नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

त्या दिवशी आमच्याकडे पहिली ठिणगी पडली ती चपलांवरून. भाऊंनी बाहेरच्या चपला दाराशी काढल्या, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दुसऱ्या रबरी चपला काढल्या आणि त्या घालून ते सरळ आत निघाले. कोनाड्यात देव होते. सासूबाई उठल्याच.

"अहो, घरात चपला?"

"धुतलेल्या हायेत, आजी. रस्त्याला लागल्या नायत कदी. ह्या फकस्त टीव्हीच्याच."

"टीव्हीच्या चपला म्हणजे काय? काढा आधी."

"मंग मी काम नाय करत," भाऊ म्हणाले. आवाज कापत होता, पण पाऊल मागे घेतलं नाही. "वायर काडली तरी त्याच्या पोटात वीज बसून ऱ्हाते. मला मुलगी हाय लग्नाची."

शेवटी सासूबाईंनी देवांपुढचा पडदा ओढून घेतला आणि भाऊ आत आले. वायर काढून अर्धा तास झाल्याशिवाय त्यांनी टीव्हीला हात लावला नाही. तो अर्धा तास ते टीव्हीच्या बाजूला बसले, समोर नाही. चहासुद्धा तिथेच घेतला. मग एक बोट पुढे करून नखानं त्याच्या काचेवर हलकेच टिचकी मारली, कान लावला, चारही कोपऱ्यांवरून नख फिरवलं.

"काय बघता?" मी विचारलं.

"केस हाय का बगतो. बारीक चीर. ह्याच्या आत हवा नसती, चीर वाढली का फुटतो. दिसत नाय, नखाला लागते. काच इसरत नाय, बाई. आज कुठं आपटली का ती ध्यानात ठेवते आन् मंग कदीतरी उट्टं काडते."

त्यानंतरचं काम मात्र बघत बसावं असं होतं. स्टोव्ह बारीक करून त्यावर प्लास्टिकची कड ते इतकी हळू फिरवत की ती ओल्या पापडासारखी मऊ व्हायची, पण फुगायची नाही. मऊ झालेली कड लाकडी ठोकळ्यावर दाबून तिला काटकोनात वाकवायचे. वर दोन हूक, खाली दोन रबरी वाट्या. टीव्हीची काच आणि त्यांची काच यांत बोटभर अंतर. बोट खरोखर घालून बघायचे. "हितं हवा पायजे. ही फुटली तर तिला थांबायला जागा पायजे."

निघताना त्यांनी खडू काढला आणि टीव्हीपासून सहा पावलं मोजून फरशीवर आडवी रेघ ओढली. "ह्याच्या आत पोरं नाय बसवायची. काच लावली म्हनून जवळ बसवाल, तर माज्या काचेचा काय उपेग नाय."

आमची खोलीच सात पावलांची. मुलं भिंतीला पाठ लावून बसली की त्यांचे पाय रेघेच्या आत. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी रेघ पुसली. पण भीती काही पुसता आली नाही. कधी आतून टकटक आवाज आला, टीव्ही तापला की यायचाच तो, की मी मुलांना मागे ओढायचे. मग स्वतःवरच चिडायचे. भाऊंनी आमच्या घरात एक काच लावली आणि आपली अर्धी भीती ठेवून गेले, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. लोक हसत. त्यांच्याही घरी तेच झालेलं असे.

स्टेशनबाहेरच्या टवाळांना हा माणूस म्हणजे करमणूक. एकदा मी एसटीची वाट बघत उभी असताना त्यांच्यातल्या एकानं कागदाची पिशवी फुगवून भाऊंच्या पाठीमागे फट्कन फोडली. भाऊंच्या हातात गणपतीची मढवलेली तसबीर होती. त्यांनी ती झटक्यात उचलून आपल्या तोंडासमोर धरली आणि भिंतीला चिकटून खाली बसले. सगळे खो खो हसले. मलाही हसू आलं होतं, पण तसबिरीमागून त्यांचा चेहरा बाहेर आला आणि ते हसू जिरलं. ते घाबरलेले होतेच, पण त्याहून जास्त शरमलेले होते. तसबिरीकडे असे बघत होते, जणू चोरी करताना कोणी धरलं असावं.

एसटी सोडून मी त्यांच्या दुकानात गेले. पाणी दिलं. ते घोटभर प्यायले. मग आपणच सांगायला लागले.

कर्जतला गजानन म्हणून त्यांचा दोस्त होता, टीव्ही दुरुस्त करणारा. भाऊ एका टीव्हीचं माप पडताळायला त्याच्याकडे गेले होते. नवी कापलेली काच हातात होती. गजानन टीव्हीच्या खोक्यामागे वाकून काम करत होता, चक्कर मारून पुढे आला, पुढची काच पुसायला लागला. आतून टक् असा आवाज झाला.

"मी ऐकला तो. त्यानंबी ऐकला. त्यानं माज्याकडं बगितलं. मंग फुटला." भाऊ बोटांनी गोंदाची बाटली फिरवत राहिले. "टक् झालं आन् फुटला, मदी एवडा येळ व्हता, बाई, का मी काच दोगांच्या मदी धरू शकलो असतो. मी माज्या तोंडासमोर धरली. मला ओरखडा नाय. त्याचे दोनी डोळे गेले."

 मी म्हटलं, "अहो, कोणीही तेच केलं असतं."

"कोनीबी नाय. मी केलं," ते म्हणाले. "आजबी तेच केलं ना? बगितलंत ना तुमी?"

मी बघितलं होतं. त्यानंतर त्यांच्यावर हसणं मला जमलं नाही.

मी तेव्हा खालापूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. गावातली आणि वरच्या वाडीतली मिळून बेचाळीस मुलं. त्या वर्षी ग्रामपंचायतीनं शाळेसाठी टीव्ही घ्यायचं ठरवलं. घेतला तो साधा नाही. लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा, दोन माणसांना न उचलवणारा. उद्घाटनाला तालुक्याचे पाहुणे येणार, कर्णा लागणार. मी सरपंचांच्या मागे लागून काच लावायला भाऊंना बोलावून घेतलं. त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

भाऊ सकाळच्या एसटीनं आले. वर्गात शिरताना त्यांनी टीव्हीच्या चपला घातल्या, मुलं फिदीफिदी हसली, त्यांनी मुलं मोजली. मग वायर, मग अर्धा तास, मग टिचकी. खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचं नख थांबलं. परत मागे गेलं, परत थांबलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हितं केस हाय."

मी बोट फिरवलं. मला काही लागलं नाही. मग नख फिरवलं आणि लागलं. 

टीव्ही टेंपोतून घाटरस्त्यानं आला होता, कुठेतरी आपटला असणार. आम्ही दोघं सरपंचांकडे गेलो. ते मंडप बघत होते.

"आज लावू नका," भाऊ म्हणाले. "मेकॅनिकला दावा आधी. मी हात जोडतो."

"अवो, पावनं निगालंत तिकडनं," सरपंच म्हणाले. "आन् सकाळधरनं दोनदा लावून बगितला, मस चालतोय. तुमची काच हाय ना पुडं? मंग ती कशाला हाय?"

भाऊंची काच त्यासाठीच होती. त्यांनी ती अशी बसवली की मी तसं काम पुन्हा पाहिलं नाही. दोनाच्या जागी चार हूक लावले. सहा पावलांची रेघ आठ पावलांवर ओढली. मी मुलांना रेघेमागे बसवलं. पण दुपारी गाव लोटला, मागून रेटा आला आणि मुलं बसल्या बसल्या सरकत रेघेच्या आत आली. मी दोनदा मागे ढकललं. तिसऱ्यांदा तिथे जायलाच वाट उरली नाही. पहिल्या ओळीत वाडीची कमळी होती, तोंड उघडं टाकून टीव्हीकडे बघत. तिच्या गुडघ्यापासून टीव्हीचं टेबल हातभर लांब होतं.

टीव्ही दुपारपासून चालूच ठेवला होता. पाहुण्यांसमोर चित्र आलं नाही तर गावाचं नाक जायचं होतं. चित्रात मुंग्या होत्या, मधूनच एक बाई दिसे. भाऊ वायरीपाशी उभे होते. पूजेपुरता तरी बंद करू द्या, म्हणून एका पंचाला विनवत होते.

हळदीकुंकवाचं ताट घेऊन सरपंचांच्या आई पुढे आल्या. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, टीव्हीकडे नेलं आणि थांबल्या.

"ह्या पलास्टिकला लावू? नवी वस्त घरात आली, तिला आडपडद्यानं कुंकू लावत्यात व्हय रं?"

सगळ्यांना ते पटलं. सरपंच माझ्याकडे वळले. "बाई, दोन मिन्टं काडा ती काच."

मी म्हणू शकले असते, नाही काढत. माझ्या जागी भाऊ असते तर त्यांनी कापऱ्या आवाजात तेच म्हटलं असतं आणि अपमान करून घेतला असता. मला सरपंचांची भीती वाटली, पाहुण्यांची वाटली, चारचौघांत वेडी ठरायची वाटली. टीव्हीची वाटत होती ती वेगळीच. त्या सगळ्या भीत्यांमध्ये जी खरी होती तिचं मी ऐकलं नाही. ते चार हूक माझ्या हातांनी काढले.

भाऊंनी वळून पाहिलं तेव्हा काच माझ्या हातात होती. गर्दीतून वाट काढत ते आले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त ती माझ्याकडून काढून घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि टेबलाच्या बाजूला उभे राहिले.

"मी ऱ्हातो हितं," म्हणाले. त्यांच्या हातातल्या काचेत उजेड हलत होता.

कुंकू लागलं. हार घातला. नवा नांगर असो, टेंपो असो, भाताची गिरणी असो, आमच्याकडे नारळ त्या वस्तूच्या पुढ्यातच फोडतात. टीव्ही टेबलावर, म्हणून दगडही टेबलावर ठेवला होता. गावचे म्हातारे पाटील नारळ घेऊन पुढे झाले. "खाली फोडा, दारात फोडा," भाऊ म्हणत होते, पण कर्णा चालू होता.

पाटलांनी नारळ हाणला. एक भकल त्यांच्या हातात राहिलं. दुसरं दगडावरून उसळलं आणि टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यावर जाऊन आदळलं. पाणी तापल्या काचेवर उडालं.

टक्.

तो आवाज मी ऐकला. एवढ्या गोंगाटात तो आणखी एकाच माणसाला कळला असेल. आता फुटणार हे मला कळलं आणि मी काहीच केलं नाही. माझे हात आपोआप माझ्याच तोंडावर गेले. बोटांच्या फटीतून मला भाऊ दिसले. ते बाजूनं झेपावले, दोन्ही हात लांब करून काच टीव्ही आणि मुलं यांच्यामध्ये धरली आणि तिच्यामागे खांदा लावला. काच होती एका टीव्हीपुरती. मुलं तिच्याआड आली. भाऊंचं तोंड आलं नाही.

मग फुटला.

पुढचा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पांढरी धूळ, जळका वास, आणि कर्णा तसाच चालू. काचेच्या मधोमध चीर गेली होती आणि तिच्यात तुकडे रुतले होते, पण ती पडली नव्हती, कारण भाऊंनी ती सोडली नव्हती. पाटलांचा हात कापला होता. मुलं रडत होती. मी एकेकाची हनुवटी वर करून बघत सुटले. सगळी धड होती. मग मी भाऊंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाची डावी बाजू रक्तानं भरली होती.

टेंपोत घालताना त्यांनी माझा पदर धरला. "पोरं?"

"सगळी बरी आहेत, भाऊ."

"समदे असंच बोलत्यात," ते म्हणाले आणि पदर सोडेनात. टेंपो हलला तेव्हा तो माझ्या हातानंच सोडवावा लागला. वर्गात टेबलाशी त्यांची एक रबरी चप्पल पडलेली होती. दुसरी पायात गेली.

डावा डोळा वाचला नाही. मी दवाखान्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा हूक मीच काढले हे सांगायचं ठरवून गेले आणि न सांगता परतले. तिसऱ्यांदा सांगितलं. भाऊ म्हणाले, "म्हाईत हाय. मी बगितलं ना." एवढंच. मी रडले तेव्हा ते घाबरून नर्सला हाका मारायला लागले.

वर्ष संपताना शाळेत फोटोवाला आला. बेचाळीस मुलं तीन ओळींत, कडेला मी. माझी बदली पेणकडे झाली होती. जाण्याआधी फोटो मढवून शाळेत लावायचा म्हणून मी भाऊंच्या दुकानात गेले. चष्म्याची एक काच त्यांनी काळी करून घेतली होती. फोटो हातात घेऊन ते उजेडाला आले, अगदी डोळ्याजवळ नेला आणि त्यांचं नख पहिल्या ओळीवरून हळूहळू सरकायला लागलं. ओठ हलत होते. मला वाटलं माप घेतायत. तिसऱ्या ओळीच्या शेवटी नख थांबलं, परत पहिल्यापासून निघालं.

"बाई," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "ब्याऐंशी भरत्यात. दोन डोळे कमी हायेत."

मी बघितलं. पहिल्या ओळीत कमळी. फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि तिनं नेमके तेव्हा डोळे मिटले होते.

"अहो, मिटलेत तिनं. बरी आहे ती."

 भाऊंनी फोटो पालथा ठेवला, त्यावर काच घातली नाही. मला त्यांचं टेंपोतलं 'समदे असंच बोलत्यात' आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी कमळीला घेऊन खोपोलीला आले. दुकानाच्या पायरीशी ती माझ्या मागे लपली. काळ्या काचेला घाबरली असावी. भाऊ बाहेर आले, तिच्यापुढे उकिडवे बसले. त्यांनाही तिची भीतीच वाटत होती. एका बोटानं त्यांनी तिची हनुवटी उचलली, उजेडाकडे केली.

"उगड गं," म्हणाले.

कमळीनं डोळे उघडले. भाऊंनी नखाचं टोक आधी एका डोळ्यासमोर धरलं, मग दुसऱ्या. ती नखाकडे बघत राहिली.

"तिऱ्याऐंशी," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी."

मग उठून आत गेले आणि फोटोची काच पुसायला लागले.